टाइलची भिंत आणि द्वारकाबाईंचे कान

मंडळी, आधी एक टाळी वाजवा बरं. वाजवा, वाजवा! — हां. वाजली आणि विरली. मंडपाच्या कापडानं पोटात घेतली. आता एक प्रश्न मनात धरून ठेवा: आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही, तेव्हा खोट कुणाची? त्याच्या कानांची — का आणखी कुणाची? उत्तराची घाई नको. आधी बार्शीला चला!

बार्शीत रमाकांतशेठ उंबरे, टाइलचे व्यापारी. माणूस सरळ, पण आपल्या मालाचा अभिमान दांडगा! घरात होम थिएटर बांधलं — आईसाठी हो! द्वारकाबाईंना जुन्या पौराणिक सिनेमांचं वेड. समोर भला मोठा पडदा, पाच स्पीकर, आणि भिंतींना, जमिनीला दुकानातली चकचकीत टाइल! छत तेवढं वाचलं, कारण गवंडी नाही म्हणाला.

पहिल्या दिवशी द्वारकाबाई खुर्चीत बसल्या. पडद्यावर नारद बोलला.

"काय म्हनला रं त्यो?"

शेठनी आवाज वाढवला. नारद गरजला!

"आरं, पन म्हनला काय?"

आणखी वाढवला. तिसऱ्यांदा विचारलं तसे शेठ भडकले, "आई, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं, तुलाच नाही! कान गेलेत तुझे!"

द्वारकाबाई उठल्या. त्या खोलीत पाऊल टाकायचंच बंद केलं. जेवतानाही गप्प. कुणी काही विचारलं तर नुसत्या हसायच्या — उत्तर चुकलं तर, या भीतीनं. मंडळी, फार वाईट असतं हो ते हसणं! आठ दिवसांनी बोचकं बांधून दाराशी ठेवलं. "रमाकांता, परंड्याला लेकीकडं सोड मला. कायमचं."

शेठचं काळीज चरकलं. पण चूक कबूल करतील ते शेठ कसले? म्हणाले, स्पीकरच खराब! सोलापूरहून नसीमभाईंना बोलावलं. मूळचे गादीवाले, पुढं गाण्याच्या स्टुडिओची कामं शिकले. त्यांनी स्पीकरकडं बघितलंसुद्धा नाही. मधोमध उभं राहून एक टाळी मारली — आणि ती टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर झिणझिणत राहिली!

"शेठ, शब्द एकदाच निघतो, पण भिंती तोच चार वेळा परत फेकतात. शब्दावर शब्द पडतो. तुम्ही आवाज वाढवला, की भिंतीपण वाढवणार! जरा आजींना बोलवा."

खुर्चीत बसवलं. "आजी, भिंतीत स्पीकर कुठं दिसतो?"

टाइल म्हणजे आरसाच की! द्वारकाबाईंनी बोट दाखवलं, "ह्यो हितं. अन् त्यो तिकडं."

"बरोब्बर! आवाज तिथूनच उलटतो. तिथंच गादी लावायची." म्हणजे लाकडी चौकट, आत लोकरीसारखा दाट थर, वर सुती कापड. कोपऱ्यांत जाड गादी, खाली सतरंजी.

"माझ्या टाइलवर?" शेठ उसळले. "गिऱ्हाइकांना दाखवायची भिंत आहे ही!"

नसीमभाईंनी दाराशी बोचकं पाहिलं होतं. शांतपणे म्हणाले, "मग भिंत ठेवा. आजींना मी सोडतो, गाडी खालीच आहे."

शेठनी आईकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं... आणि स्वतः ड्रिल उचलून आपल्या लाडक्या टाइलला पहिलं भोक पाडलं! मग काय, सगळीच भिंत झाकायला निघाले. नसीमभाईंनी हात धरला, "बास! गाद्यांनी सगळाच आवाज गिळला तर खोली मुकी होईल."

काम झालं. द्वारकाबाई येऊन बसल्या. आवाज पूर्वीच्या निम्मा. नारद बोलला — आणि त्या खुदकन हसल्या. कळून हसल्या! शेठ मागं दाराशी उभे. स्वतःला जेमतेम ऐकू जाईल इतकं पुटपुटले, "आई, चुकलो गं."

द्वारकाबाईंनी मान वळवली नाही. "ऐकू आलं. ये, बस हितं. अन् जाताना त्या बोचक्याची गाठ सोडून ठेव."

मंडळी, कान होते तेच होते! भिंत बदलली. आता आपल्या घरी चला. कुणी एकच गोष्ट दोनदा विचारतं ना? आणि आपण आवाज चढवतो! आपलं मन टाइल लावलेलं — शब्द आला की टण्णकन परत. थोडी गादी लावा हो. कुठं लावायची कळत नसेल, तर ज्याला आपला त्रास होतो त्यालाच खुर्चीत बसवा आणि विचारा. तो बोट दाखवेल. ते बोट आपल्याकडं वळलं, तर रागावू नका.

आता नाव घ्या. हळू घ्या, देवाचे कान शाबूत आहेत — रामकृष्णहरी!