राजाच्या कानातली हळद

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा, पंखा मात्र चालू राहू द्या. आज मी आधी एक प्रश्न घालणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय कुणी प्रसादाकडं बघायचं नाही! प्रश्न असा — ज्या वस्तूच्या आपण पाया पडतो, तिची किंमत कागदावर मुद्दाम कमी लिहिली, तर कमी कोण होतं? ती वस्तू — की लिहिणारा?

काय काका, मान हलवलीत! उत्तर सुचलं? नाही? डास होता? असू द्या. मग गोष्टच ऐका.

सांगलीत मनोहरपंत अष्टेकर म्हणून एक गृहस्थ. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. माणूस सज्जन, देवभोळा! पण एक वेड होतं — जुन्या नाण्यांचं. कुणाला कशाचं वेड असेल सांगता येत नाही. आमच्या पेटीवाल्यांना बासुंदीचं आहे, आपण काही म्हणतो का?

तर या मनोहरपंतांच्या घरात एक नाणं होतं — पण ते त्यांचं नव्हतं हं! ते बायकोचं. कुमुदिनीबाईंचं. चांदीचा रुपया, इंग्रज राजाच्या वेळचा. आणि त्यात गंमत अशी, की टांकसाळीत काय गोंधळ झाला देव जाणे, रुपयाच्या दोन्ही बाजूंना राजाचंच तोंड! छापा बघा, राजा. काटा बघा, राजाच! बाईंच्या आजीनं तो रुपया बाईंच्या आईच्या ओटीत घातला, पाठवणीच्या वेळी. आईनं घातला बाईंच्या ओटीत. आणि घालताना एकच वाक्य सांगायचं — "पोरी, या रुपयासारखी रहा. इकडून बघितलं तरी तेच, तिकडून बघितलं तरी तेच!"

वा! काय आहेर आहे! आता बाईंची मुलगी मृण्मयी लग्नाची झालेली. मुहूर्त ठरलेला. रुपया कुठं जाणार? तिच्या ओटीत! रोज देव्हाऱ्यात त्याला हळदीकुंकू, रोज नमस्कार. मनोहरपंतसुद्धा डोकं टेकवायचे.

आणि अशात घरी आले शिरगुप्पे अण्णा. पंतांचे नाण्यांतले गुरू! रुपया बघितला आणि उडालेच. "पंत! अहो, हे नाणं इथं हळदीत काय लोळतंय? हे अमेरिकेला पाठवा! तिथं तज्ज्ञ भिंगाखाली बघतात, नाण्याला गुण देतात — सत्तरपैकी! आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून, वर गुणांची चिठ्ठी लावून परत पाठवतात. पुण्याच्या प्रदर्शनात ठेवाल तर लोक रांग लावतील!"

मंडळी, पोरांना मार्क, गायकांना मार्क, जेवणाला मार्क, आता ओटीतल्या रुपयालासुद्धा मार्क! पण पंतांच्या डोळ्यांपुढं ती रांग उभी राहिली ना! गेले बायकोकडं. लाडीगोडी सुरू!

बाई म्हणाल्या, "मला त्याचे गुण ठाऊक आहेत. पण तुमची हौस आहे तर न्या. एवढंच सांगा — मृण्मयीच्या पाठवणीआधी परत येईल ना?"

"शब्द देतो!" पंत म्हणाले.

शब्द! देणं किती सोपं! बाईंनी त्या शब्दावर रुपया हातावर ठेवला.

पंत दुकानात आले. अण्णांनी बजावलं होतं, "नाणं घासायचं नाही बरं का! आहे तसं पाठवायचं." पण मंडळी, माणूस कोण? भांडीवाला! जन्म गेला चिंच लावून तांब्या चमकवण्यात! समोर काळवंडलेला रुपया, हाताशी चिंचेचा कोळ... हात राहील का? पाहुण्यांकडं पोरगी पाठवताना तोंड धुऊन पाठवत नाही होय? घास, घास, घासला! रुपया असा लखलखला की राजाला स्वतःची ओळख पटेना. पंत खूश! अण्णांना बोलले नाहीत.

मग आला पार्सलचा कागद. वस्तू काय? किंमत काय? पंतांनी पेन उचललं, तशी अण्णांनी मनगट धरलं.

"खरं लिहिताय की काय? परत येताना कस्टमवाले कर लावतील! लिहा — खेळण्यातलं नाणं, पितळी. किंमत काही नाही."

"पण अण्णा, ते देव्हाऱ्यातलं—"

"देव्हारा घरात! हा कागद आहे. सगळे असंच लिहितात!"

सगळे असंच लिहितात! काय वाक्य आहे! या एका वाक्यावर अर्धा संसार चाललाय आपला! शाळेत पोराचं वय विचारलं, सगळे असंच लिहितात. घराची किंमत विचारली, सगळे असंच लिहितात. हसू नका, मागच्या रांगेतले जास्त हसतायत, म्हणजे जास्त लिहिलंय!

पंतांनी लिहिलं. पितळी खेळणं. किंमत काही नाही. ज्या हातानं सकाळी हळद वाहिली, त्याच हातानं! पार्सल गेलं साता समुद्रापार.

इकडं लग्न जवळ आलं. मांडव ठरला, आचारी ठरला, बस्ता झाला. रुपया? पत्ता नाही! कुमुदिनीबाई रोज विचारायच्या, "अहो, आला का?" पंत म्हणायचे, "वाटेत आहे." आणि मग मुंबईहून कस्टमची सूचना आली — पार्सल अडवलंय, समक्ष या!

पंतांनी काय केलं? लगेच अण्णांना फोन. अण्णा काय म्हणाले? "घाबरता काय! सांगा, अमेरिकेतल्या पाहुण्यानं लग्नाची भेट पाठवलीय. सोडतील!" बघा, एक खोटं एकटं राहत नाही. लगेच सोबतीला दुसरं मागतं!

पंतांना एकट्यालाच जायचं होतं. पण बाई म्हणाल्या, "माझा रुपया आहे. मी येणार." आल्या! हातात पिशवी, पिशवीत पोळीभाजीचा डबा.

समोर अधिकारी बाई, ठोंबरे मॅडम. आवाज मऊ. अशा मऊ आवाजाचीच मला भीती वाटते! त्यांनी डबी टेबलावर ठेवली. आत रुपया.

"अष्टेकर, तुम्ही पाठवलं पितळी खेळणं. परत आलं चांदीचं अस्सल नाणं. मग तुमचं खेळणं कुठं गेलं, आणि हे नाणं कुणाचं?"

आता बोला! 

कुमुदिनीबाई पुढं झाल्या. "खेळणं? कसलं खेळणं?"

मॅडमनी कागद फिरवून त्यांच्यापुढं केला. अक्षर ओळखीचं! पितळी खेळणं. किंमत काही नाही. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग नवऱ्याकडं वळून हळूच विचारलं,

"माझ्या आईनं ओटीत खेळणं घातलं होतं का हो?"

अरेरे! अहो, चार शिव्या दिल्या असत्या तर पंतांना सोपं गेलं असतं! बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं. आणि मॅडम विचारतायत, "हे कुणी भेट पाठवलंय का?"

बघा मंडळी, काय क्षण आहे! अण्णांचं वाक्य जिभेवर तयार! भेट म्हटलं तर आजच सुटका. पण म्हणजे काय म्हणायचं? की हा रुपया आईचा नाही, आजीचा नाही, कुणा परक्याचा! आणि म्हणायचं कुणासमोर? जिचा रुपया, तिच्यासमोर! समोर दोन्हीकडून एकच तोंड असलेलं नाणं, आणि पुढं उभा दोन तोंडांचा माणूस!

पंतांनी हात जोडले. "मॅडम, मी खोटं लिहिलं. नाणं माझ्या बायकोचं आहे. तिच्या आजीपासूनचं. कर वाचावा म्हणून लिहिलं. काय शिक्षा असेल ती मला करा, पण हे हिच्या हातात द्या!"

शाब्बास! उशिरा का होईना, तोंड एक झालं! वाजवा टाळ्या!

मॅडम म्हणाल्या, "निघतानाच खरं लिहिलं असतं, की तपासायला जातंय आणि परत येणार आहे, तर घरची वस्तू घरी आली म्हणून काम सरळ झालं असतं. आता हेच ते नाणं कशावरून? कागद तर उलटंच सांगतोय!"

 पुरावा कुठला? आणि त्यात डबीवरची चिठ्ठी दिसली. गुण किती? एकही नाही! तिथल्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं — नाणं अस्सल, पण घासलेलं; गुण देता येत नाहीत. चिंच नडली हो, चिंच! ज्या रांगेसाठी केलं, ती रांगही गेली.

तेवढ्यात कुमुदिनीबाई बोलल्या, "बाई, भिंग आहे का? राजाच्या कानात बघा. आमची तीन पिढ्यांची हळद आहे तिथं. यांनी कितीही घासलं असलं तरी तिथवर यांचा हात पोचायचा नाही!" आणि पिशवीतून फोटो काढला — त्यांच्या स्वतःच्या पाठवणीचा, ओटीत रुपया, रुपयावर हळद, आणि राजाचा कान पिवळाधमक!

मॅडमनी भिंग लावलं. बघितलं, पुन्हा बघितलं. आणि हसल्या हो! कानात हळद! साता समुद्रापार जाऊन आली, चिंचेतून वाचली, तज्ज्ञांनासुद्धा निघाली नाही!

पंतांनी जबाब लिहून दिला. कर भरला, दंडही भरला, कुरकूर केली नाही. वाटेत बाईंनी डबा उघडला, पोळी पुढं केली.  सांगली आली तेव्हा म्हणाल्या, "ती डबी फोडा."

दुकानातली हातोडी आणली. पंतांनी स्वतःच्या हातानं डबी फोडली. रुपया बाहेर! बाईंनी त्याला हळद लावली, या कानाला आणि पाठीमागच्या कानाला.

पाठवणीची वेळ आली. तांदूळ, नारळ, खण, आणि वर रुपया. मृण्मयी रडता रडता हसून विचारते, "बाबा, किती मार्क पडले हो याला?"

पंत म्हणाले, "याला नाही, पोरी. मला पडले. मी नापास झालो." आणि मग आजीचं ते वाक्य त्यांनीच सांगितलं. पण सांगता सांगता ते अर्ध्यात अडकलं, आणि बाईंनी पुरं केलं.

आलं का उत्तर, मंडळी? काका, आता डास नाही ना?

आपणही सगळे पार्सलच! कुणी आधी, कुणी नंतर, ती सीमा ओलांडणार. तिथं पेटी उघडली जाते बरं का! इथं कागदावर काय लिहिलंत ते तिथं विचारत नाहीत. तिथं भिंग लावतात आणि कानात बघतात — आयुष्यभर ज्याच्या पाया पडलास, त्याची थोडी तरी हळद तुझ्या अंगाला लागली का? की नुसतंच घासून चकचकीत करून आलास?

आज घरी जाल. आईला, बायकोला, देव्हाऱ्यातल्या देवाला कुठल्या कागदावर "किंमत काही नाही" लिहिलंय का, तेवढं आठवा. आठवलं तर उद्याच खोडा! आता उचला टाळ, आणि नाव असं घ्या, की आतून आणि बाहेरून एकच ऐकू येईल — हरी! हरी! हरी!