पुष्पलता मागावर बसली

— उंदीरच असन मॅडम, दुसरं कोण राहते? बसा ना, खुर्ची साफ आहे. पुष्पलता दळणाले गेली, येईनच. चार दिवस तुमच्या ज्येष्ठांच्या विणकामाच्या वर्गात नाही आली म्हणून तुम्ही स्वतः टांडापेठेत आल्या, लय झालं — मले विचाराल तर मागावरचे ताण्याचे उभे धागे तुटले त्याचंच वाईट वाटलं असन तिले. खळ लावलेलं सूत राहते, भाताच्या खळीचा वास येते, उंदीर कुरतडतेच. आमच्या घरी माग होता तवा आम्ही मांजर पाळली होती. तुमच्या समाजभवनात कुठं आहे मांजर? चहा मांडू का? नाही? बरं.

तुम्ही म्हणता ती हुशार आहे. असन. मी कुठं नाही म्हणून राहिलो. पण एक सांगा — अडतीस वर्षं ती माझ्या बाजूले बसून सुताच्या कांड्या भरत होती, रिकामी घे, भरलेली दे, मी धोटा फेकाचो, लुगडी विणाचो, तवा आलं का कोणी तिले हुशार म्हणाले? आमच्यात बाई मागावर बसत नाही. कांड्या भरते, सूत उकलते, पण मागावर माणूसच. माझ्या बापाच्या घरीही तसंच. तिनं एकदा विचारलं होतं, नवीन लग्न झालं तवा — मले शिकवता का म्हणे. मी हसलो. बस, हसलोच, मारलं-झोडलं नाही. मंग माग बंद झाला, मी बुटीबोरीले चौकीदारी केली, तीही सुटली, अन् आता चौसष्टाव्या वर्षी बाई विणाले शिकते, कोणाजवळ? त्या सौरव मास्तरजवळ. त्याले अजून मिशी फुटली नाही नीट. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

तब्येत सुधरली तिची, हे खरं. गुडघ्याचं रडगाणं बंद, झोपेची गोळी बंद. पोळ्या लाटता लाटता गुणगुणते. अन् बोलते किती — आज किनार धरली वं, आज बुट्टी घेतली — पण माझ्याशी नाही, फोनवर, वर्गातल्या मैत्रिणींशी. मी बाजूच्या खाटेवर पडून ऐकतो. माझं विणणं तिनं अडतीस वर्षं पाहिलं, कधी कोणाले फोन करून सांगितलं का? तवा फोन नव्हता म्हणा, ते सोडा.

एक दिवस गेलतो मी तिथं. ती चष्मा विसरली होती, तो द्याले. दारातून पाहतो तर ती मागावर, पाय खालच्या पावडीवर, पाठ सरळ. मले वाटलं दुसरीच कोणी बाई आहे. जवळ गेलो, किनारीले जरा हात लावून पाहिला, तर तो मास्तर म्हणते, बाबा, हात नका लावू, बिघडन. मले म्हणते. अन् ती खाली पाहून विणतच राहिली. सांगाचं होतं ना, हे बाबा कोण आहेत म्हणून. बाकीच्या बायका म्हणे, पुष्पाकाकूचे मिस्टर आले. मिस्टर. लपवून काय करू मॅडम, त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण तुमचं काही एवढं मोठं नुकसान नाही झालं. साठ तर धागे, ते बी एकाच बाजूचे —

काय? तुम्ही नाही सांगितलं किती ते? मंग पुष्पलतानं सांगितलं असन. तीही तुमच्यासमोर चार दिवस आली नाही, अन् घरी तर ती बोलतच —

बरं. मीच होतो. दुपारी सारे जेवाले गेलते, तवा. दाढीचं ब्लेड होतं. पण धागे ओवलेल्या फणीच्या मागं चार बोटं सोडून कापलं मॅडम, गाठ माराले जागा ठेवली. दुसरा कोणी असता तर फणीजवळून उडवलं असतं, अन् मंग बसा बोंबलत. माझा हात तसा चालतच नाही. मले तिचं लुगडं नव्हतं बिघडवाचं. मले वाटलं, तिले एकटीले सांधता येणार नाही, तुमच्या मास्तरले तर नाहीच नाही, मंग ती घरी येईन अन् म्हणन, अहो, चला ना जरा. बस, एवढंच. मी कुडता धुवून इस्त्री करून ठेवला होता. चार दिवस झाले, ती म्हणून नाही राहिली. दळण, भांडे, झोप. गोळी पुन्हा सुरू केली.

हा कागद कशाचा? तुम्हीच वाचा — काय म्हणता? ‘धागे माझ्याच हातून कापले गेले, ब्लेड माझंच होतं, कोणाला दोष देऊ नये, मी वर्ग सोडत आहे.’ हे तिनं लिहून पाठवलं? सही आहे तिची?

उंदीर नाही लिहिला.

पाहिलं तिनं. कापलेलं पाहिलं अन् हात ओळखला. मी गाठी माराचो तवा एकेक धागा वेचून तीच तर द्याची मले, ती नाही ओळखन तर कोण ओळखन. चार दिवस मले गरम पोळी वाढून राहिली, भाजी अजून पाहिजे का विचारून राहिली, अन् सारं माहीत होतं तिले. अन् मी वाट पाहून राहिलो होतो का ती बोलावन म्हणून.

तुम्ही जा मॅडम. नाही, आता काही विचारू नका. ती येईन एवढ्यात, तुमच्यासमोर तिच्याकडं पाहणं माझ्यानं होणार नाही. तुम्ही नसताना तरी होते का, ते बी माहीत नाही. जा. दार लोटून घ्या.