दुखत नाही म्हणे!

—नाही म्हणजे नाही, शलाका! तुमचे सर कुठेही येणार नाहीत. हॉल भरलाय? मग रिकामा करा. आठवड्यापूर्वी हार्ट अटॅक आलेला माणूस हेब्बाळच्या त्या ट्रॅफिकमधून न्यायचा, स्टेजवर उभा करायचा, आणि विषय कुठला — तर मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर आणि रक्तदाब! लाज नाही वाटत तुम्हाला? आणि ते 'स्वल्पच बोलतील, काकू' मला नको सांगूस, स्वल्प बोलणारा माणूस आहे का तो? बस तिथे. चहा टाकलाय. कितीही चिडले तरी चहाशिवाय नाही पाठवत मी कुणाला.

तू त्यांची विद्यार्थिनी, तुला मी काय शिकवणार — पण जन्मभर जेवताना तेच ऐकलंय गं मी. मेंदू आपला आपण अफूसारखं काहीतरी तयार करतो, ते झेलणारे हे रिसेप्टर, त्यांचा संबंध थेट रक्तदाबाशी, आणि दाब चढलेल्या माणसाला कधीकधी दुखणंच कमी कळतं. बरोबर? बरोबरच असणार, पाठ झालंय. उंदरांच्या शेपटीला पट्टा बांधून दाब मोजला तुमच्या विद्याधर सरांनी — आणि स्वतःच्या दंडाला? एकदाही नाही! 'मला काय झालंय, कुठे काही दुखतंय का?' म्हणे. हा शास्त्रज्ञ! दाढ काढली तेव्हा हूं की चूं केलं नाही, तर मी वेडी कॉलनीभर सांगत सुटले — आमच्या ह्यांची सहनशक्ती बघा! सहनशक्ती कसली डोंबलाची! अटॅक आला तेव्हा छातीत साधी कळ नाही. नुसता घाम. 'पंखा वाढव' म्हणाले — पंखा! आणखी थोडा उशीर झाला असता तर... जाऊ दे, कप धर.

राग येतो गं. त्यांचा येतो, तुमचा येतो, त्या उंदरांचासुद्धा येतो, त्यांची तरी रोज तपासणी व्हायची. आता सगळं मीच बघते, गोळ्या, पथ्य, मीठ. माझं? मला काय धाड भरलीय! माझं कधी काही दुखत नाही, डोकं नाही की गुडघे—

काय गं? हाताकडे काय बघतेस? अगं... सांडशी कुठे गेली? तसंच उचललं होय मी पातेलं? उकळतं? बोटं लाल झालीत खरी... पण मला तर काहीच—

ओरडू नकोस, ते झोपलेत. फळीवरचं ते मशीन घे. बांध पट्टा माझ्या दंडाला. बांध म्हणते ना!

किती आला?

शलाका... पट्टा परत का फुगवतेस गं?