नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो

आमच्या अहमदपूरच्या घरात एक नियम होता, त्याला 'का' म्हणून विचारायचं नाही: शुभकार्यात विधवा आत्या फोटोत येणार नाही. कॅमेरा निघाला की ती आपणहून मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसायची. आज आत्या असती तर हा किस्सा तिनंच रंगवून सांगितला असता.

दादाच्या साखरपुड्याला काकांनी लातूरहून लांबचं जवळ ओढणारा महागडा कॅमेरा आणला. तपासायला मी, बाबा आणि काका गच्चीवर गेलो.

"स्टँडवरच्या एसटीची पाटी दिसती का गं?" काकांनी विचारलं.

"चाकूर," मी स्क्रीनवर वाचून दाखवलं.

"लई भारी! आता एक फोटो काढ."

मी कॅमेरा मांडवाकडे वळवला. टोकाला आत्या विड्याची पानं पुसत स्वतःशीच गात होती. तिच्या पडलेल्या दाताची फटसुद्धा दिसली. मी बटण दाबलं.

फोटो बघून काका भडकले. "पहिलाच फोटो हिचा? आजच्या दिवशी? डिलीट कर आधी."

"न्हाई करत. घरात तिचा दुसरा एक तरी फोटो दाखवा, मग करते."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा खाली मांडवाकडे बघत राहिले. फोटो तसाच राहिला.