डॉक्टर कुठं होते?

सरकारी दवाखान्यातून काढल्यापासून डॉक्टर गफारांना कुणी नोकरी देईना. आजही नकार ऐकून ते कळंबच्या स्टँडवर बसले होते. पाठीमागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"मदिनाबी, तुमच्या गावच्या डॉक्टरला काढलं कशापायी?"

"तपासणीला साहेब आले, तवा डॉक्टरसाब दवाखान्यात नव्हते."

"मग कुठं हुते?"

"माझ्या घरी. सून अडली हुती. दोन्ही जीव वाचवले त्यांनी."

"साहेबाला सांगितलं न्हाय?"

"घरचे म्हनले, सरकारी भानगडीत कशाला पडायचं?"

"आता सांगा की."

"आता कोन ऐकतंय?"

डॉक्टर वळले. "ऐकतील, मदिनाबी. माझं अपील अजून चालू आहे."

मदिनाबी दचकून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "कवा यायचं सांगा. सुनेला आनते. नातवालाबी आनते."