जाधवकाकांचं उरलेलं वाक्य

आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या जाधवकाकांचं तुम्हाला कधी सांगितलं नाही वाटतं. कामावर निघताना ते रोज आरशासमोर उभे राहून म्हणायचे, "आजचा दिवस चांगला जाणार." नव्व्याण्णव साली त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, तोंडात फक्त हे एकच वाक्य राहिलं. पाणी हवं असलं तरी तेच.

मी भेटायला गेलो, तेव्हा ते रडत रडत तेच म्हणत होते. काकू उठल्या आणि त्यांच्या पाठीखाली उशी सरकवली. काका शांत झाले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"इतकी वर्षं रोज म्हणायचे, तेव्हा मी पोळ्या लाटत असायचे," काकू म्हणाल्या. "आता जवळ बसून ऐकते."