संदूक रिकामा आहे

...नाही हो, जुन्या लाकडाची आवड वगैरे मला काही नव्हती, मला फक्त रजया ठेवायच्या होत्या! आता चंदीगडची थंडी तुम्हाला काय सांगू, आमच्या कराडला अंगावर शाल घेतली की थंडी संपते, इथे माणशी दोन रजया, पाहुण्यांच्या वेगळ्या, आणि रजई म्हणजे कशी, घडी घातली तरी फुगून बसते, लग्नात रुसलेल्या आत्याबाईसारखी. थंडीत त्या अंगावर असतात, प्रश्न नाही... पण उन्हाळ्यात? सेक्टर एकोणचाळीसमधलं आमचं सरकारी क्वार्टर, भिंतीतलं कपाट एकुलतं एक, तेही यांच्या कागदांनी भरलेलं. आमचे हे इथल्या संशोधन संस्थेत जंतूंवर काम करतात. जंतूंना जागा लागत नाही, म्हणून माणसांनाही लागू नये असं त्यांचं मत.

तर सरळ पत्र्याची पेटी घ्यायची की नाही? इथे घरोघरी असते, पलंगाएवढी. पण मी बोलले शशिकलाजवळ. शशिकलाचे यजमान सेक्टर सोळाच्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्याकडे इंग्रजी मासिकं येतात. म्हणाली, "पत्र्याची पेटी? सुमित्रा, तू काय मिलिटरीत आहेस? अँटिक घे. लोक बघत राहतील." आता माझ्या रजयांकडे लोकांनी कशाला बघत राहायचं, मला सांगा? पण ती इतक्या मायेने बोलते, की आपण चप्पल घालून तिच्या मागे कधी निघालो ते कळतच नाही.

गेलो आम्ही इंडस्ट्रियल एरियात, जुन्या फर्निचरच्या गोदामात. त्या वर्षी ही गोदामं नुसती भरून वाहत होती... अतिरेक्यांच्या भीतीने पंजाबातल्या गावोगावची माणसं घरं आवरून कुठे कुठे निघाली होती, त्यांची कपाटं, मेजं, आरसे एकावर एक रचलेले, आणि त्यांच्यामधून शशिकला फिरत होती, आंबे निवडल्यासारखी. हुंगायची, टिचकी मारायची, नखाने खरवडायची. दुकानदार मागे मागे, "बहनजी, सौ साल पुराना, पक्का!" मी त्याच्या एका शंभर वर्षांच्या कपाटाला जरा टेकले, तर पदराला पॉलिश लागलं. शंभर वर्षांत वाळलं नव्हतं बिचारं. एका मेजाचा खण ओढला तर आत कोणाच्या तरी केसांच्या पिना. मी तो हळूच बंद केला. शशिकला म्हणाली, "हँडल बघ, हँडल!" मी म्हटलं, अगं बाई, मला फक्त रजया ठेवायच्या आहेत.

शेवटी दुकानदारच दमला. म्हणाला, असली चीज हवी तर सेक्टर बावीसमध्ये अमक्या घरी जा, त्यांना संदूक काढायचाय.

संदूक म्हणजे आपली पेटी नव्हे हं. पुरुषभर उंच, कोरीव शिसम, पितळेचे खिळे, खाली चाकं, आणि एवढ्या अवाढव्य अंगाला दार केवढं, तर समोर, छातीच्या उंचीवर, माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं. आपण त्यातून कमरेपर्यंत आत शिरायचं आणि सामान ठेवायचं. इकडे नवरीबरोबर माहेरून असा संदूक येतो. हा बीजींचा होता. बीजी म्हणजे त्या घरातली आजी. तरनतारनकडच्या गावातून मुलाने त्यांना नुकतंच आणलेलं, कारण तिकडे संध्याकाळनंतर कोणी कोणाला दार उघडत नव्हतं. मुलाचं घर दोन खोल्यांचं, त्यातली अर्धी संदुकाने खाल्लेली. सून नोकरीवाली, त्याला वळसे घालून घालून कंटाळलेली.

शशिकलाने लाकडावर बोटं वाजवली. "वा! आवाज ऐक कसा भरीव येतो. अस्सल!" मग तिने तो ढकलून पाहिला. हलेचना. "वजनावरूनच ओळखायचं असतं, सुमित्रा."

मी आपली व्यवहारी बाई. विचारलं, "बीजी, खाली है ना?"

बीजींनी संदुकावरून हात फिरवला. म्हणाल्या, "खाली ही समझ, पुत्त."

आता यात संशय घेण्यासारखं काय आहे? मुलाशी व्यवहार ठरला, निघताना मला वाटलं, वयस्कर बाई, माहेरची वस्तू देतेय, नुसतं नमस्ते कसं करायचं? मी पदर सावरला आणि वाकून पाया पडले. आपण काय, एस.टी.त शेजारी बसलेल्या आजीच्याही पाया पडतो. पण झालं भलतंच. मुलगा सुनेकडे बघायला लागला, सून पंख्याकडे, आणि बीजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो काढीचनात. मग म्हणाल्या, संदुकाबरोबर मी पण येणार, पोचवायला.

निघाली वरात. टेम्पोत संदूक, पुढे ड्रायव्हरशेजारी बीजी आणि मी, मागे स्कूटरवर हे. आणि नाक्यावर अडवलं! त्या दिवसांत चौकाचौकात नाके, वाळूची पोती, पोत्यांवर बंदूक. जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागायचा, हा तर हत्ती. जवानाने विचारलं, "अंदर क्या है?" मी उतरून अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "खाली है, भाईसाहब. सिर्फ रजाई रखनी है."

त्याने दार उघडलं. बॅटरी आत घातली, मग हात घातला, मग डोकं, मग कमरेपर्यंत तो आतच... आणि बाहेर काय काय यायला लागलं! फुलकारीच्या ओढण्या, खेस म्हणजे जाड सुती चादरी, पितळेची परात, लोणच्याची बरणी, तान्ह्या बाळाची झबली. फूटपाथ भरला. तुम्हाला सांगते, मी मागे वळून यांच्याकडे बघितलं, तर हे स्कूटरवर असे बसलेले, की टेम्पोशी आपला काहीही संबंध नाही.

जवान बाहेर आला. "खाली ऐसा होता है?"

आधीच माझं हिंदी मॅट्रिकपर्यंतचं, ते तिथल्या तिथे संपलं. मी सरळ मराठीत सुरू केलं, अहो शप्पथ, मला फक्त रजया ठेवायच्या होत्या! तो दुसऱ्या जवानाला हाक मारणार, एवढ्यात टेम्पोतून बीजींचा आवाज आला, अगदी शांत.

"मेरी नूंह है, पुत्तर. इसे क्या पता? सामान तो मेरा है."

नूंह म्हणजे सून. जवानाने माझ्याकडे पाहिलं, बीजींकडे पाहिलं. मग सगळं सामान स्वतः घड्या घालून परत आत ठेवलं. सासूसुनेच्या मध्ये बंदूकवालासुद्धा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने उलगडून सांगितलं. म्हणे इकडे मुलगी कधी कोणाच्या पाया पडत नाही, मुलीला पडूच देत नाहीत. पाया पडते ती सून! आणि बीजींची खरी सून तर नमस्तेसुद्धा पर्समध्ये किल्ली शोधता शोधता करते. म्हणजे बघा, मी गेले रजयांसाठी संदूक आणायला, आणि घेऊन आले सासू. अहो, माझी खरी सासू कराडला आहे, हजार मैल लांब... आणि या थंडीची तेवढीच एक चांगली बाजू होती!

मग दर रविवारी बीजी हजर. संदूक उघडायचा, सामानाला ऊन दाखवायचं, माझी डाळ पातळ आहे म्हणायचं, परत सगळं आत. आमची रागिणी विचारते, "मम्मी, ये कौनवाली दादी हैं?" सामानाचं काही विचारलं की बीजींचं एकच, "हालात ठीक हो जाएँ, ले जाऊँगी." गावच्या घराला कुलूप आहे, अंगणात डेकचं झाड आहे, त्याच्या सावलीत चूल आहे, सगळं आहे, फक्त हालात ठीक व्हायला हवेत.

तोवर माझ्या रजया गादीखाली. पलंग इतका उंच झाला, की हे झोपायला स्टुलावरून चढतात. मी यांच्या आधी पेपर वाचायला लागले, हालात ठीक झाले का बघायला. रोज तीच बातमी, गावाचं नाव तेवढं वेगळं. सगळा देश पंजाबसाठी देवाकडे शांतता मागत होता, मी रजयांसाठी मागत होते... देव काय, कारण विचारतो थोडाच?

शेवटी यांनी मला तयार केलं. वाक्य हिंदीत पाठ करून घेतलं, की बीजी, सामान मुलाकडे नेऊन ठेवा. रविवारी बीजी आल्या. संदुकाकडे गेल्याच नाहीत, पलंगाच्या कडेला चढून बसल्या, पाय लोंबकळत. मी वाक्य जुळवतेय, तोच म्हणाल्या, मुलाने गावचं घर विकलं.

"ताला तो उसने नया लगा लिया होगा," म्हणाल्या. उसने म्हणजे ज्याने घेतलं त्याने.

हे पेपरमागे गेले. मी चहा केला. चहा झाल्यावर बीजींनी संदुकाचं दार उघडलं, म्हणाल्या, झबली खाली दबली असतील, बघ. मी कमरेपर्यंत आत शिरले. आत काळोख, कापराचा वास, आणि मागून बीजी बोलताहेत, "अब सब तेरा है, पुत्त. मैं कहाँ ले जाऊँगी?"

बरं झालं, माझं तोंड आत होतं.

तर आता असं आहे बघा. दुसऱ्याचं सामान होतं, तोवर ते कधीतरी जाईल अशी आशा तरी होती. आता ते माझंच झालं. आणि स्वतःच्या सासूचं सामान घराबाहेर काढणारी सून तुम्ही कधी बघितलीय का... म्हणजे, सासू दर रविवारी जेवायला येत असताना?